अभ्यास मला कुणी शिकवला

शाळेत तीस वर्षं शिकवूनही माझ्याकडे सांगण्यासारखे किस्से फारसे नव्हते. वर्गात मुलं दिसतात, त्यांच्या वह्या दिसतात, उत्तरपत्रिका तर ढिगाने दिसतात. पण मूल अभ्यास करताना काही दिसत नाही. ते काम ते घरी जाऊन करतं, किंवा करत नाही. मी निवृत्त झाले आणि भांडुपला आमच्या घराजवळच्या एका मंडळाने विचारलं, दुपारची अभ्यासिका सांभाळाल का? मंडळाच्या हॉलवरचा पहिला मजला, अकरा टेबलं, मागे एक लांब गॅलरी आणि दोन पंखे, त्यातला एक सतत कुरकुरणारा. मी हो म्हटलं. तिथे बसायला लागले आणि आयुष्यात पहिल्यांदा समोर बसून अभ्यास करणारी माणसं पाहिली. तेव्हापासून किस्से इतके साठले, की मैत्रिणी चहाला बोलावतात आणि मी बोलत राहते, चहा गार होतो.

हे सगळे वर्ष-सव्वा वर्षातले. म्हणजे एका जूनपासून पुढच्या जुलैपर्यंतचे. विषय शिकवायला मुलांचे क्लास होतेच. "तुम्ही फक्त अभ्यास कसा करायचा तेवढं बघा," असं मंडळाच्या सेक्रेटरींनी सांगितलं होतं. ते मला येतं, असं मी धरून चालले होते.

*

पहिली लक्षात राहिली ती श्रावणी. दहावीची. सगळ्यांच्या आधी यायची, सगळ्यांच्या नंतर जायची. मान खाली, पुस्तक उघडं, हातात हायलायटर. तिच्या पाऊचमध्ये सात रंगांचे हायलायटर होते.

एकदा मी तिचं इतिहासाचं पुस्तक हातात घेतलं. सगळं पान पिवळं. मधे मधे गुलाबी. पानात फक्त एक ओळ पांढरी राहिली होती.

"ही का सोडलीस गं?"

"ती महत्त्वाची नाहीये मॅडम."

मी वाचली. ओळ होती, 'खालील प्रश्नांची उत्तरे लिहा.'

मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "आता या धड्यात काय आहे ते सांग." तिने डोळे मिटले.

"पान डोळ्यांसमोर येतंय मॅडम."

"मग वाच की."

"नुसतं पिवळं दिसतंय."

मला हसू आलं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती तीन तास तिथे बसली होती, खोटं काहीच केलं नव्हतं. मी तिला कोरा कागद दिला. जेवढं आठवतं तेवढं लिही, पुस्तक नंतर उघड. तिने चार ओळी लिहिल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिली. "तीन तासांत एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. पण आता काय राहिलंय ते तरी कळलं. त्या दिवशी तिने उरलेलं शोधून शोधून वाचलं आणि जायच्या आधी पुन्हा कोरा कागद मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती नुसती पेन्सिल घेऊन आली.

"पाऊच कुठे?"

"भावाला दिलं. तो केजीत आहे. त्याला रंगवायचंच असतं."

*

ओंकार तिच्याच वर्गातला. त्याला अभ्यासापेक्षा अभ्यासाचं टाइमटेबल आवडायचं. पहिलं टाइमटेबल त्याने मोठ्या कार्डशीटवर केलं. सात दहा ते सात अठरा, दात. सात अठरा ते सात तीस, आंघोळ. प्रत्येक विषयाला वेगळं शाईपेन. ते करायला त्याला तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत अर्थातच दुसरं काही झालं नाही.

पुढच्या आठवड्यात तो नवीन टाइमटेबल घेऊन आला. आधीच्याचं काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "त्यात सोमवार चुकला ना. मग सगळंच पुढे ढकलावं लागलं." तिसरं त्याने लॅमिनेट करून आणलं.

मी त्याला एक छोटी वही दिली. म्हटलं, काय करणार आहेस ते यात लिहायचं नाही. काय केलंस तेवढंच लिहायचं. मोबाइल बघितलास तर तेही लिही. कुणाला दाखवायची नाही, मलासुद्धा नाही.

आठ दिवसांनी तो वही घेऊन माझ्या टेबलापाशी आला. स्वतःहूनच. खुर्ची ओढून बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, मी घरी सांगतो की रोज सहा तास होतो. इथे बेरीज केली तर आठवड्याचे अकरा तास येतायत. तीनदा केली बेरीज."

"मग?"

"मग काय, वाट लागली. मला खरंच वाटायचं मी सहा तास करतो."

त्याने वही बॅगेत अगदी तळाशी ठेवली. पण आयांना बॅगेचा तळ माहीत असतो. दोन दिवसांनी त्याची आई जिना चढून वर आली, हातात ती वही. ओंकार लगेच गॅलरीत निघून गेला. मी उठून उभी राहिले, म्हटलं आता ऐकून घ्यायचं.

बाई खुर्चीत बसल्या, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "मॅडम, हा खरंच आठवड्याला अकरा तास अभ्यास करतो? आम्हाला तर वाटत होतं एकही करत नाही."

*

ऑगस्टमध्ये परब काका आले. वय छप्पन्न. एका ऑफिसात शिपाई, सकाळची ड्यूटी करून दुपारी तीनला मोकळे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा काका नववीत होते, शाळा तिथेच सुटली. आता त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला होता, म्हणजे बाहेरून दहावीला बसणार होते. कशासाठी, म्हणून मी विचारलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, बढतीचाही प्रश्न नाही.

"ऑफिसात दर वर्षी एक फॉर्म भरतात बाई. त्यात 'शिक्षण' म्हणून एक रकाना असतो. इतकी वर्षं त्यात नववी लिहितोय. एकदा त्यात दुसरं काहीतरी लिहायचंय."

ते मुलांच्यातच बसले, शेवटच्या टेबलाला. पहिले काही दिवस नुसतं वाचत होते. मग एक दिवस बीजगणिताचं पुस्तक घेऊन श्रावणीकडे गेले. श्रावणीला गणितात कायम पैकीच्या पैकी.

"पोरी, हा एक्स म्हणजे काय गं?"

"एक्स म्हणजे कुठलीही संख्या काका."

"कुठलीही? मग मी पाच लिहितो."

"नाही, इथे पाच नाही चालणार."

"मग कुठलीही कशी?"

श्रावणीने वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं. शेवटी म्हणाली, "काका, उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी ती आल्या आल्या काकांच्या टेबलाला गेली. "काका, तुमच्या ऑफिसात मीटिंग चालू आहे. दार बंद. आत किती साहेब आहेत तुम्हाला माहीत नाही. तुम्ही वीस बिस्किटांची प्लेट आत पाठवली. प्रत्येकाने दोन खाल्ली, चार परत आली. आत किती लोक?"

"आठ," काका लगेच म्हणाले.

"कशावरून?"

"चार परत आली, म्हणजे सोळा खाल्ली. दोन दोन करून आठ जण."

श्रावणीने तेच कागदावर मांडलं. दोन एक्स अधिक चार बरोबर वीस. "आत किती आहेत ते दार उघडेपर्यंत माहीत नव्हतं ना, तो एक्स. तुम्ही आत्ता तो काढलात."

काकांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. "हाच तो? ह्याच्यापायी मी नववीत मार खाल्लाय." मग मालवणीत स्वतःशीच म्हणाले, "साहेब लोक काय दोनावर थांबनत नाय, ता वेगळा."

घरी जाताना श्रावणी माझ्याजवळ रेंगाळली. म्हणाली, "मॅडम, एक सांगू? मलापण एक्स काय असतो ते कालच कळलं. इतके दिवस मी नुसती गणितं सोडवत होते."

*

त्यानंतर काकांना समजावून सांगायला पोरांची रांग लागली. कारण उघड होतं. काकांना जे नीट सांगता येई, ते परीक्षेत कधी चुकत नसे. पण अभ्यासिकेत शांतता पाळायची पाटी होती, म्हणून मी सांगितलं, बोलून अभ्यास करायचा असेल त्यांनी मागच्या गॅलरीत जावं.

आठवड्याभरात गॅलरी भरली आणि आतली टेबलं रिकामी. एकजण नकाशा समजावतोय, दुसरी समास सोडवून सांगतेय. खालच्या हॉलमध्ये आलेल्या एक आजी वर आल्या. पंख्याखाली मी एकटीच बसलेली. त्यांनी रिकाम्या खोलीकडे बघितलं, गॅलरीकडे बघितलं आणि मला विचारलं, "यांची सुट्टी कधी संपते?"

*

आता माझाच किस्सा सांगते, नाहीतर पोरं म्हणतील मॅडम आमचेच सांगतात.

त्याच दिवाळीच्या सुमाराला माझ्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी बोरीवलीची, गुजराती. माझ्या मनात आलं, विहीणबाईंशी त्यांच्या भाषेत चार शब्द बोलावेत. एक छोटं पुस्तक आणलं आणि अभ्यासिकेत बसून रोज वाचायला लागले. वाचताना सगळं कळायचं. मी मान डोलवत पानामागून पान उलटायची. गुजराती काय, मराठीचीच बहीण, असं वाटायचं.

ओंकार चार दिवस बघत होता. पाचव्या दिवशी येऊन म्हणाला, "मॅडम, पुस्तक जरा द्या ना." मी दिलं. त्याने ते पाठीमागे धरलं. "मला पाणी हवंय, कसं म्हणतात?"

मला काही केल्या आठवेना. ते वाक्य मी निदान सहा वेळा वाचलं होतं. डाव्या पानावर, खालून तिसरं, एवढं मात्र स्वच्छ आठवत होतं. तेच मी सांगितलं.

पलीकडून श्रावणीने मान वर न करता विचारलं, "पिवळं होतं का मॅडम?"

मग मी पोरांच्या हाताखाली शिकले. ओंकार रोज पाच वाक्यं विचारायचा. आजची दोन, कालची दोन आणि मागच्या आठवड्यातलं एक. चुकलं की तो नुसता "हं" म्हणायचा. ते "हं" मी माझ्या शिक्षकी जन्मात हजारदा म्हटलं असेन, ते कसं लागतं ते तेव्हा कळलं.

पुढे आम्ही बोरीवलीला गेलो. हंसाबेन, म्हणजे माझ्या विहीणबाई, फार अगत्याच्या. चहा झाला, गप्पा झाल्या आणि त्यांनी मला विचारलं, "तमने ढोकळां बनावतां आवडे छे?"

ढोकळा कळला, आवडे कळलं. मी हसून म्हटलं, "हा, बहु आवडे छे."

त्यांना इतका आनंद झाला. "तो आजे तमे बनावो," म्हणाल्या आणि मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. भिजवलेलं पीठ समोर ठेवलं. गुजरातीत आवडणं म्हणजे करता येणं, हे मला त्या ओट्यापाशी उभं राहिल्यावर कळलं. सूनबाई धावत आली म्हणून निभावलं.

पुढच्या दुपारी मी हे पोरांना सांगितलं. ओंकारने नेहमीचं "हं" केलं आणि म्हणाला, "हा शब्द आता परत विचारायची गरज नाही."

*

जानेवारीत मी सगळ्यांना एक वही करायला लावली. चुकांची वही. सराव पेपर सोडवायचा, चूक सापडली की ती तिथे लिहायची. नुसतं बरोबर उत्तर नाही, आपण काय समजलो होतो म्हणून चुकलो, तेही. पोरांना ही कल्पना अजिबात आवडली नाही. एकाने तर विचारलं, की वही बक्षिसाला धरणार का.

परब काकांची पहिली वही बारा दिवसांत भरली. त्यांनी दुसरी आणली. मोठ्या टपोऱ्या अक्षरात, तारीखवार. 'आज मी वजाबाकीचे चिन्ह कंसात नेताना विसरलो. घाईमुळे नाही. मला वाटले ते बाहेरच राहते.' श्रावणीची वही मात्र तीन आठवडे कोरी. "माझ्या होतच नाहीत मॅडम," ती म्हणायची, आणि ते बऱ्यापैकी खरंही होतं. तिला जे येत होते तेवढेच पेपर ती सोडवत होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

प्रीलिममध्ये भूमितीच्या पेपरात ती गडबडली. अभ्यासिकेत आली आणि दोन दिवस पुस्तक न उघडता बसून राहिली. तिसऱ्या दिवशी ती काकांच्या टेबलाला गेली.

"काका, तुमच्या चुकांच्या वह्या देता का? मला बघायचंय कुठे कुठे चुकता येतं."

काकांनी दोन्ही वह्या पिशवीतून काढल्या. कव्हर हाताने पुसलं.

"घे. पण जपून वापर. कष्टाने केलेल्या चुका आहेत."

तिने आठवडाभर त्या वाचल्या. मग स्वतःच्या वहीचं पहिलं पान लिहिलं, ते मी तिच्या परवानगीने वाचलं. पहिली ओळ होती, 'मला जे येत नाही त्याचे पेपर मी सोडवत नाही.'

*

परीक्षेच्या पहिल्या दिवशी परब काकांचा नंबर मुलुंडच्या एका शाळेत आला होता. पेपर सुटल्यावर ते तडक अभ्यासिकेत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, चष्मा. आम्ही सगळे वाट बघत होतो.

"पेपर कसा गेला ते मागाहून सांगतो," काका म्हणाले. "आधी हे ऐका. मी वर्गात शिरलो, तर सगळी पोरं उभी राहिली. गुड मॉर्निंग सर. मला सुपरवायझर समजले. मी म्हटलं, बसा बसा. आणि मी आपला जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. मग जो काय आवाज झाला वर्गात!"

त्यांच्या पुढच्या बाकावर एक मुलगा होता. त्याचं पेन दोनदा खाली पडलं. काकांनीच ते उचलून दिलं. तो वळून म्हणाला, "काका, तुम्हाला टेन्शन नाही?"

"आहे की. रात्रभर झोपलो नाय. तुझ्या-माझ्यात फरक एवढाच, की घरी गेल्यावर मला कोणी ओरडणार नाय."

तो मुलगा हसला आणि लिहायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी काकांना विचारलं, घरी काय म्हणाले. काकांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "बायकोने प्रश्नपत्रिका मागितली. मी दिली. एक प्रश्न सोडलेला होता त्यावर पेनाने गोल केला आणि विचारलं, हा का सोडला?"

मे संपता संपता निकाल लागला. काकांना गणितात एकेचाळीस मिळाले. श्रावणीला एकूण ब्याण्णव टक्के आणि भूमितीत तिला हवे होते तेवढे नाहीत. ओंकारला बासष्ट. त्याची आई पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "अकरा तासांच्या मानाने खूप झाले." काकांनी पेढे आणले नाहीत. त्यांनी ऑफिसातल्या त्या फॉर्मचा फोटो मोबाइलवर काढून आणला होता. तो त्यांनी मला दाखवला, श्रावणीला दाखवला आणि मोबाइल खिशात ठेवून दिला.

*

शेवटचा किस्सा भाविकाच्या आईचा. हा मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण सांगून झाल्यावर लोक 'मग?' असं विचारतात.

भाविका त्याच दहावीच्या बॅचची. भांडुप गावातल्या कोळीवाड्यातून यायची. अतिशय शांत मुलगी. "कळलं का?" विचारलं की "हो." काहीही विचारलं तरी "हो." दिवाळीनंतरच्या परीक्षेत ती विज्ञानात नापास झाली.

एका दुपारी जिन्याखालून हाक आली. तिची आई, सुनंदाताई, खाली उभ्या होत्या. मासे विकून परत चालल्या होत्या, टोपली बाजूला ठेवलेली.

"वर या ना," मी म्हटलं.

"नको. वास येल पोरांना. तुमीच या खाली."

मी खाली गेले. त्या कोळीवाड्याच्या बोलीत भराभर बोलत होत्या, पण डोळे जमिनीकडे. "पोरगी विज्ञानान नापास झाली. तिचा बापूस बोलतो, दे सोडून, तुझ्यासंगती बाजारान बसव. मी बोलली, थांबा जरा. आता मी काय करू तां सांगा. मना वाचता येत नाय."

क्लास ती करतच होती, अभ्यासिकेत येतच होती. मी म्हटलं, "रोज तिला विचारा, आज काय शिकलीस. तिने तुम्हाला समजेल असं सांगायचं. आणि एक करा. तुम्हाला कळलं नाही, तर कळलं असं म्हणायचं नाही."

"एवडाच?"

"एवढंच."

त्या टोपली उचलून गेल्या. खरं सांगायचं तर मी ते बोलून विसरले.

महिन्याभराने मी मासळी बाजारात गेले. सुनंदाताई कोळंबी साफ करत होत्या. शेजारी उलट्या क्रेटवर भाविका बसलेली, हातात पुस्तक नाही. मी दोन पावलं मागेच थांबले.

भाविका एका दमात म्हणाली, "प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात तिरका जाताना आपली दिशा बदलतो. याला प्रकाशाचे अपवर्तन म्हणतात."

"माध्यम म्हंजे काय?"

"माध्यम म्हणजे... माध्यम गं आये."

"तुझा आवाज बारीक झाला. म्हंजे तुना नाय येत."

भाविका विचार करत म्हणाली, "ज्याच्यातून उजेड जातो ते. हवा, पाणी, काच."

"मंग तसा बोल ना."

समोर एक गिऱ्हाईक बाई पिशवी धरून उभी होती. सुनंदाताईंनी तिला हातानेच थांबायला सांगितलं. त्यांच्या हातातली कोळंबी तशीच राहिली होती.

"पान्यान चिंबोरी दिसते तिथं ती नसते. हात जरा खाली घालाया लागते. मी बारकी व्हती तवापासून मना ठाव हाय. तां याच्यामुलं?"

भाविका आईकडे बघत राहिली. तो धडा तिचा पाठ होता, वर्गात दोनदा झाला होता, आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, तिनेही लहानपणापासून पकडले होते.

"हो आये," ती म्हणाली. "पाण्यातून हवेत येताना उजेड वाकतो. म्हणून ती वर आल्यासारखी दिसते."

"पुस्तकान लिवलाय काय चिंबोरीचा?"

"नाही. पाण्यातल्या नाण्याचं लिहिलंय."

"नाना धरायला कोन जाते पान्यान," असं म्हणून सुनंदाताईंनी पुन्हा कोळंबी साफ करायला घेतली. ती गिऱ्हाईक बाई अजून तिथेच उभी होती. तिने भाविकाला विचारलं, "म्हणजे किती खाली हात घालायचा?"

भाविका विज्ञानात चौऱ्याहत्तर मार्क मिळवून पास झाली. बापूसने बाजाराचं नाव पुन्हा काढलं नाही. तिला मुलुंडच्या कॉलेजात अकरावी सायन्सला घातलं. ती अभ्यासिकेत यायची थांबली, नवी बॅच आली, नवे चेहरे.

जुलैतली एक दुपार. जिन्यावर पावलं वाजली आणि सुनंदाताई दारात आल्या. पहिल्यांदाच वर आलेल्या. आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, केसांत अबोलीची वेणी. दारातल्या खुर्चीवर अगदी टोकाला बसल्या. हातात कापडी पिशवी होती.

मला वाटलं भाविकाचं काहीतरी झालं. विचारलं, तर म्हणाल्या, "ती बरी हाय. शिकते. पन आता मना काय सांगत नाय. बोलते, आये, समदा इंग्लिशमंदी हाय, तुना नाय कलनार."

मी म्हटलं, "पहिलं वर्ष आहे, तिलाही जड जात असेल."

"जात असंल." त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. दहावीचं विज्ञान, पहिला भाग. कव्हरला खाकी कागद, कडा फुगलेल्या. त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. "यातला शेवटचा धडा ऱ्हायला. परीक्षा आली, तवा ती घाईन एकटीच वाचली. मना सांगितलाच नाय."

मी पुस्तक उघडून बघितलं. शेवटचा धडा अवकाश मोहिमांचा होता. रॉकेट, उपग्रह, पृथ्वीभोवतीच्या कक्षा.

नवीन बॅचची मुलं मान वर करून बघत होती. मला वाटलं, ही बाई इतक्या लांबून, इतकी तयार होऊन आली आहे, तर काहीतरी कायमचं उपयोगी पडेल असं द्यावं. मी म्हटलं, "सुनंदाताई, तुम्ही रोज दुपारी या. मी तुम्हाला अक्षर शिकवते. मग तुम्हीच वाचाल हे सगळं. कुणाची वाट बघायला नको."

त्यांनी माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. मग खुर्ची पुढे ओढली, नीट टेकून बसल्या आणि चित्रातल्या उपग्रहावर बोट ठेवलं.

"अक्षरां मंग बगू," त्या म्हणाल्या. "आदी यो वरशी खाली पडत का नाय, तां सांगा."